परसातला ब्रॅम्ली: झाडाची निगा, फळांची साठवण आणि कैरीच्या जागी वापर

इंग्लंडात जुनं घर घेतलं, मागच्या बागेत सफरचंदाचं अवाढव्य झाड निघालं, त्याला हिरवी, चपटी, वेडीवाकडी, मुठीत न मावणारी फळं लागली आणि पहिल्याच घासाला दात आंबले, तर ते बहुधा ‘ब्रॅम्लीज सीडलिंग’ असतं. झाड बिघडलेलं नसतं आणि फळही कच्चं नसतं. ही जात शिजवूनच खायची आहे. ब्रिटनमध्ये ‘कुकिंग अ‍ॅपल’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हीच येते, आणि तिथल्या मराठी घरांत ती कैरीची जागा बऱ्यापैकी भरून काढते. मात्र हे झाड इतर सफरचंदांसारखं वागत नाही. ते का वागत नाही हे कळलं की छाटणी, परागीकरण, खुंट (ज्या मुळांच्या रोपावर कलम बांधतात ते) आणि फळांवरचे डाग, बहुतेक सगळ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

जातीचा इतिहास थोडक्यात असा. नॉटिंगहॅमशायरमधल्या साउथवेल गावी मेरी अ‍ॅन ब्रेल्सफर्ड या मुलीने १८०९ मध्ये सफरचंदाच्या बिया रुजवल्या. पुढे १८४६ मध्ये ते घर मॅथ्यू ब्रॅम्ली या खाटकाने विकत घेतलं. १८५६ मध्ये हेन्री मेरीवेदर या तरुण रोपवाटिकावाल्याने झाडाच्या काड्या मागितल्या, तेव्हा ‘नाव माझं लागलं पाहिजे’ या अटीवर ब्रॅम्लीने त्या दिल्या. बी लावणारीचं नाव त्यामुळे मागेच राहिलं. सफरचंदाच्या बीपासून तीच जात येत नाही, म्हणून आज जगात जिथे जिथे ब्रॅम्ली आहे तिथे तो त्या एका झाडाचं कलम किंवा कलमाचं कलम आहे.

झाड नक्की ब्रॅम्लीच का?

फळ वरून-खालून दाबल्यासारखं चपटं असतं, बाजूंना बोथट कंगोरे असतात आणि दोन फळं सहसा सारखी दिसत नाहीत. वजन २०० ते ३०० ग्रॅम, एकट्या लागलेल्या फळाचं त्याहून बरंच जास्त. रंग हिरवा, पिकताना पिवळसर होत जाणारा. ऊन लागलेल्या बाजूला तपकिरी-लाल झाक आणि तुटक रेघा दिसतात. देठ आखूड आणि जाड, गर पांढरा पण हिरवट छटेचा. साठवणीत साल हाताला तेलकट लागू लागते. ती मेणाची वाढ आहे, त्याने फळ खराब झालं असं समजू नका. पूर्ण लाल फळांचा ‘क्रिमसन ब्रॅम्ली’ही असतो, तो याच्याच फांदीत आपोआप बदल होऊन आलेला प्रकार.

शंका असेल तर एक फोड दोन चमचे पाण्यात झाकून शिजवा. ब्रॅम्ली चार-पाच मिनिटांत फुलून फेसाळ लगदा होतो. फोड आकार धरून राहिली तर जात दुसरी.

तीन संचांची भानगड

बहुतेक सफरचंदांत गुणसूत्रांचे दोन संच असतात, म्हणजे ३४ गुणसूत्रं. ब्रॅम्लीत तीन संच आहेत, ५१. अशा झाडांना त्रिगुणित किंवा ट्रायप्लॉइड म्हणतात. याचे दोन परिणाम तुमच्या बागेत रोज दिसतात. झाड जबरदस्त जोमाने वाढतं, आणि त्याचे परागकण जवळजवळ निकामी असतात.

निकामी पराग म्हणजे ब्रॅम्ली दुसऱ्या झाडाचं परागीकरण करू शकत नाही आणि स्वतःचंही नाही. म्हणून आसपास त्याच सुमारास फुलणारी, दोन वेगळ्या जातींची सफरचंदाची झाडं हवीत: ती दोघं एकमेकांना पराग देतात आणि ब्रॅम्लीलाही देतात. कॉक्स, जेम्स ग्रीव्ह, डिस्कव्हरी, ग्रेनेडियर, वूस्टर पेअरमेन यांतली कुठलीही दोन चालतात. शहरी वस्तीत यासाठी मुद्दाम झाडं लावावी लागतातच असं नाही, कारण शेजाऱ्यांची सफरचंदं आणि रस्त्याकडेचे क्रॅब अ‍ॅपल मधमाश्यांच्या टप्प्यात असतात. दरवर्षी फूल भरपूर पण फळ तुरळक, असं होत असेल तर आधी थंडीचा संशय घ्या. एप्रिलअखेर ते मे हा फुलोऱ्याचा काळ, आणि उघडलेलं फूल उणे २ अंशांच्या आसपास मरतं. फुलाच्या मधोमध काळा ठिपका दिसला तर ते दहिवराने मारलेलं फूल. लहान झाडावर रात्रीपुरतं बागकामाचं फ्लीस टाकता येतं, पण सकाळी ते काढायलाच हवं, नाहीतर मधमाश्या आत जाणार नाहीत. मोठ्या झाडाला इलाज नाही.

नवीन झाड लावायचं असेल तर खुंट निवडताना कंजूषपणा करा. रोपवाटिकेच्या पाटीवर लिहिलेली उंची सर्वसाधारण जातींची असते, ब्रॅम्ली ती ओलांडतो. म्हणून नेहमीपेक्षा एक पायरी बुटका खुंट घ्या. छोट्या बागेला एम ९ किंवा एम २६, मध्यम बागेला एमएम १०६, आणि एम २५ फक्त ज्यांच्याकडे ८ मीटर मोकळी जागा आहे त्यांनीच. एम ९ ला जन्मभर आधाराचा खांब लागतो. थोडा कमी जोमाचा ‘ब्रॅम्ली २०’ हा निवडक प्रकारही मिळतो. मिळाला तर तोच घ्यावा. मुळं उघडी असलेलं रोप नोव्हेंबर ते मार्चमध्ये लावा आणि कलमाचा सांधा मातीच्या वर १० सेंटिमीटर राहू द्या. सांधा गाडला गेला तर वरच्या भागाला स्वतःची मुळं फुटतात, खुंटाचा लगाम सुटतो आणि दहा वर्षांनी घरापेक्षा उंच झाड उभं राहतं.

आणि हो, हे रोप महाराष्ट्रात न्यायचा विचार सोडून द्या. झाडाची हिवाळी झोप मोडायला ७ अंशांखालच्या थंडीचे शेकडो तास लागतात. महाबळेश्वरलाही ते जमणार नाही.

छाटणी

सगळ्यात जास्त नासधूस इथे होते. झाड मोठं झालं म्हणून एका हिवाळ्यात अर्धं कापलं जातं, आणि पुढच्या उन्हाळ्यात कापलेल्या प्रत्येक जागी सरळ आभाळात जाणारे दहा-पंधरा पानसोट उभे राहतात. मुळं तेवढीच, फांद्या अर्ध्या, मग सगळा जोर नव्या फुटीत जातो. फळ दोन-तीन वर्षं गायब आणि झाड पहिल्यापेक्षा दाट. ब्रॅम्लीत जोम आधीच जास्त असल्यामुळे हा प्रकार इतर जातींहून वाईट होतो.

नियम एकच: एका हिवाळ्यात एकूण फांद्यांच्या १५ ते २० टक्क्यांपेक्षा जास्त काढायचं नाही. वर्षानुवर्षं दुर्लक्षित झाड तीन-चार हिवाळ्यांत वाटून सुधारायचं. पानं गळल्यावर, नोव्हेंबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत, कडाक्याचं दहिवर नसलेला दिवस बघा. क्रम असा ठेवा: आधी वाळलेलं आणि कँकर झालेलं (साल खचून, तडे जाऊन फांदीला विळखा घातल्यासारखं दिसतं), मग एकमेकांवर घासणाऱ्या फांद्यांपैकी एक, मग मधोमध गर्दी करणाऱ्या एक-दोन जाड फांद्या. बारीक बारीक शंभर काप घेण्यापेक्षा नेमके पाच-सहा मोठे काप बरे.

जाड फांदी एका कापात कधीच उतरवू नका. ती अर्धी कापली की स्वतःच्या वजनाने मोडते आणि खोडाची साल हातभर सोलून नेते. पहिला काप खोडापासून ३० सेंटिमीटरवर, खालच्या बाजूने, एक तृतीयांश खोल. दुसरा त्याच्या जरा पुढे, वरून खाली, पूर्ण. फांदी इथे तुटून पडते. उरलेला खुंट तिसऱ्या कापाने काढा. फांदी खोडाला मिळते तिथे किंचित फुगीर कडं दिसतं, काप त्या कड्याच्या लगेच बाहेर घ्यायचा. कड्यातून कापलं तर जखम भरत नाही, लांब खुंट ठेवला तर तो कुजतो. जखमेला रंग किंवा डांबर लावू नये, त्याखाली ओल अडकते.

एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. ब्रॅम्ली काही फळं जुन्या लाकडावरच्या बुटक्या कोंबांवर धरतो आणि काही गेल्या वर्षीच्या फांदीच्या थेट शेंड्यावर. झाड नीटनेटकं दिसावं म्हणून सगळे शेंडे कातरले की त्या वर्षीचं बरंच फळ कातरीत जातं. याच कारणाने त्याला भिंतीलगत तारेवर पसरवायला किंवा एकदांडी वाढवायला जाऊ नये. कुणी तसं विकत असेल तर घेऊ नका. जे लांब, जोरकस शेंडे आहेत तेवढेच एक तृतीयांशाने कमी करा, २०-२५ सेंटिमीटरच्या आतले कोंब तसेच राहू द्या.

पानसोट मात्र उन्हाळ्यात काढायचे. जुलैअखेर ते ऑगस्टमध्ये काढलेला पानसोट सहसा पुन्हा त्याच जोराने फुटत नाही. कोवळा असतानाच हाताने झटका देऊन ओढला तर बुडाचे डोळेही निघून येतात, हे कातरीने साधत नाही.

मोठी कापाकापी करण्याआधी कौन्सिलला विचारून घ्या. परिसर संवर्धित असेल किंवा झाडावर संरक्षणाचा आदेश असेल तर परसातल्या फळझाडालाही परवानगी लागू शकते.

विरळणी, पाणी आणि तपकिरी ठिपके

जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत झाड स्वतःच ढिगाने फळं टाकतं. घाबरायचं कारण नाही. ही गळ संपली की हाताने विरळणी करा. प्रत्येक घोसात एकच फळ ठेवा. घोसाच्या मधलं फळ बहुतेकदा बेढब असतं, ते आधी काढा. खायच्या सफरचंदांत १० ते १५ सेंटिमीटर अंतर पुरतं, ब्रॅम्लीला १५ ते २३ सेंटिमीटर ठेवा. विरळणी टाळली तर यंदा फांद्या मोडेस्तोवर फळ आणि पुढच्या वर्षी जवळजवळ काही नाही, असं चक्र सुरू होतं.

उलटी चूकही होते. झाडावर फळं अगदी मोजकी असली की ती प्रचंड वाढतात, आणि मोठ्या फळांनाच बिटर पिट जास्त होतो: सालीवर खचलेले तपकिरी ठिपके, सोलल्यावर गरातही कोरडे, कडवट डाग. हा रोग किंवा कीड नाही. फळाला कॅल्शियम पोहोचत नाही. जमिनीत ते असतं, पण कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढतं, आणि पाणी तुटलं की पानं ते आधी ओढून घेतात. म्हणून कोरडा जून-जुलै आणि मग अचानक पाऊस, असं वर्ष यासाठी सर्वांत वाईट. नत्र जास्त झालं की पानफूट वाढते, तीही कॅल्शियम पळवते. हिरवळीवर टाकलेलं लॉन फीड (गवताचं खत) झाडाच्या मुळांनाच मिळतं हे विसरायला होतं.

उपाय साधे आहेत. मार्चमध्ये ओल्या जमिनीवर, खोडापासून हातभर जागा सोडून, ५ ते ७ सेंटिमीटर जाडीचं कंपोस्टचं आच्छादन. कोरड्या उन्हाळ्यात आठवड्याला एकदा भरपूर पाणी. रोज वरवर शिंपडण्याचा उपयोग नाही. झाडाखाली ताजं कोंबडीखत अजिबात नको. कॅल्शियमच्या फवारण्या मिळतात, पण उन्हाच्या दिवशी त्यांनी पानं करपतात आणि घरच्या एका झाडासाठी तो खटाटोप फारसा परवडत नाही. ठिपके पडलेली फळं फेकू नका. डाग खोलवर नसतील तर जाड सोलून लगेच शिजवा, साठवायला मात्र ती नालायक.

कीडरोगांचं थोडक्यात: फळात अळी आणि बियांभोवती विष्ठा असेल तर कॉडलिंग मॉथ. मेच्या मध्यापासून कामगंध सापळा लावा, पण तो फक्त नर पकडतो, त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. ऑक्टोबरअखेर खोडाला चिकटपट्टी बांधली की हिवाळी पतंगाच्या बिनपंखी माद्या वर चढत नाहीत. झाडावर सुकून लटकलेली कुजकी फळं हिवाळ्यात वेचून टाका, पुढच्या वर्षीची कूज तिथूनच येते.

तोडणी आणि साठवण

लगेच शिजवायला फळ सप्टेंबरपासून घेता येतं. साठवायचं असेल तर ऑक्टोबरचा पहिला-दुसरा आठवडा. फळ तळहातात घेऊन आडवं उचला आणि हलकेच पिळा. देठासकट सुटलं तर तयार. ओढावं लागत असेल तर आठवडाभर थांबा. चार दिवस आधी तोडून ठेवू म्हणून घाई केली तर साठवणीत सालीवर तपकिरी चट्टे येतात, कोवळ्या फळात हे जास्त होतं. फळ बादलीत टाकायचं नाही, ठेवायचं. अंगठ्याचा दाबही महिनाभराने काळा डाग होऊन दिसतो.

देठ असलेली, न खरचटलेली, मध्यम आकाराची फळंच साठवा. मोठी आधी संपवा. पुठ्ठ्याच्या किंवा लाकडी उथळ खोक्यात एकाच थरात, एकमेकांना न टेकवता. वर्तमानपत्रात एकेक गुंडाळलं तर एक कुजलं तरी शेजारचं वाचतं. जागा अंधारी, थोडी दमट, ४ ते ७ अंशांची. थंड गॅरेज किंवा शेड उत्तम, फक्त उंदरांचं बघा. ब्रॅम्लीला अति थंडी मानवत नाही: फार गार ठेवला तर बाहेरून ठणठणीत दिसतो आणि कापल्यावर आतून तपकिरी निघतो. म्हणून फ्रिज ४ अंशांच्या खाली असेल तर त्यात महिनोन्‌महिने ठेवू नका. बटाटे, कांदे जवळ नकोत, वास लागतो. दर आठवड्याला एक नजर टाकली तर चांगलं फळ मार्चपर्यंत टिकतं.

जागाच नसेल तर सोलून, फोडी करून, किलोला तीन-चार चमचे पाणी घालून दहा मिनिटं शिजवा आणि गार झाल्यावर डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका.

कैरीच्या जागी

झाड नसलं तरी ब्रिटनच्या सुपरमार्केटात ब्रॅम्ली जवळपास वर्षभर मिळतो. दोन फरक लक्षात ठेवा. एक, कैरीइतका तो आंबट नाही, म्हणून गूळ-साखर कैरीच्या प्रमाणात घातली तर पदार्थ गुळचट होतो. दोन, कैरी शिजूनही फोड धरते, ब्रॅम्ली विरघळतो.

टक्कूला तो फार छान. मोठा ब्रॅम्ली सालीसकट किसा आणि किसल्या क्षणी अर्धा चमचा मीठ व लिंबाचे थोडे थेंब घाला, नाहीतर पाच मिनिटांत तांबूस पडतो. एक बारीक चिरलेला कांदा, चमचाभर तिखट, दोन चमचे गूळ, वरून मोहरी-हिंग-हळदीची गार केलेली फोडणी. तासाभरात पाणी सुटतं, तेव्हा जेवायला बसतानाच करावा.

मेथांब्याचा क्रम उलटा करावा लागतो. अर्धा किलो फोडींना दोन मोठे चमचे तेल, चमचाभर मोहरी, चमचाभर मेथीदाणे, हिंग, हळद, दीड चमचा तिखट, चमचाभर मीठ आणि २०० ग्रॅम गूळ. फोडणीत मेथी तांबूस झाली की फोडी न टाकता आधी गूळ आणि पाव वाटी पाणी घालून पाक दाटसर करून घ्या. मग सालीसकट इंचभर जाडीच्या फोडी घालून दोन ते तीन मिनिटं, झाकण न ठेवता, आणि गॅस बंद. उरलेलं काम पाकाची उष्णता करते. साल काढली किंवा झाकण ठेवलं की चटणी झालीच.

लोणचं घालता येतं, पण बरणीत वर्षभराचं नाही. फोडीत पाणी जास्त आणि आंबटपणा कमी, त्यामुळे ते कैरीच्या लोणच्यासारखं टिकत नाही. किलोभर फोडींना ८० ग्रॅम मीठ आणि चमचाभर हळद लावून चार तास चाळणीत निथळा, कपड्यावर कोरड्या करा, मग नेहमीचा लोणचं मसाला आणि पूर्ण गार केलेली तेलाची फोडणी. फ्रिजमध्ये ठेवा, दोन-तीन आठवड्यांत संपवा. पहिले चार दिवस फोडी कुरकुरीत असतात, तेच खायचे दिवस.

साखरांब्याला विरघळण्याचा फायदाच होतो. किलोभर शिजवलेला गर, ७०० ग्रॅम साखर, मंद आचेवर सतत ढवळत; पेक्टिन भरपूर असल्याने थेंब ताटलीत पसरेनासा लवकर होतो. वेलची-केशर शेवटी. खाली लागायला वेळ लागत नाही, जाड बुडाचंच भांडं घ्या.

जुनं झाड जाणार असेल तर

साउथवेलचं मूळ झाड १९०० मध्ये वादळात आडवं झालं, पडलेल्या खोडातून पुन्हा उभं राहिलं आणि अलीकडे हनी फंगस या बुरशीने पोखरलं गेलं. खोडाच्या बुडाशी सालीखाली पांढरा, अळंबीच्या वासाचा पापुद्रा दिसला तर तुमच्या झाडालाही तेच झालं आहे. औषध नाही. अशा वेळी झाड उभं आहे तोवर कलम करून घ्यावं.

जानेवारीत गेल्या वर्षीच्या वाढीच्या, पेन्सिलीएवढ्या जाड, निरोगी काड्या घ्या. ओलसर कागदात गुंडाळून पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा. शेजारी पिकलेली फळं नकोत, त्यांच्या वायूने डोळे मरतात. मार्चमध्ये खुंट जागा होऊ लागला की काडीचे तीन-चार डोळे ठेवून खालून ३ ते ४ सेंटिमीटर लांब तिरका काप घ्या, खुंटावर तसाच. दोन्ही कापांत एकेक खाच पाडून ती एकमेकांत अडकवा. जाडी सारखी नसेल तर मध्यावर ठेवू नका, एका बाजूची साल सालीला भिडवा, कारण जोड सालीखालच्या हिरव्या थरातच धरते. पट्टीने घट्ट गुंडाळून काडीच्या टोकाला मेण लावा. मेअखेर डोळे फुटले तर कलम लागलं, पट्टी उन्हाळ्यात सैल करा. रोप लावताना जुन्या झाडाची जागा सोडून जितकं लांब जाता येईल तितकं जा. बुरशीच्या दोऱ्या जमिनीत मीटर-मीटरभर पसरलेल्या असतात, आणि जुना बुंधा मुळांसकट खणून काढल्याशिवाय त्या हटत नाहीत.